घरातला पडदा आणि आपले मौन

रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात जे बोलणे चालते, त्यात अलीकडे एका विषयाची भर पडली आहे. पाऊसपाणी, भाजीचा भाव, ठरलेली-मोडलेली लग्ने यांच्या जोडीला 'सध्या घरी काय पाहता?' हा प्रश्न आता हमखास येतो. प्रश्न चांगला आहे. उत्तरे मात्र निराश करणारी असतात. 'मस्त आहे', 'टाइमपास आहे', 'शेवट फसला', 'एकदा पाहायला हरकत नाही'. दहा भागांच्या मालिकेपायी माणसाने आयुष्यातले आठ-नऊ तास खर्ची घालावेत आणि त्यावर त्याला दोन शब्दांपलीकडे काही सांगता येऊ नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बाजारातून आणलेल्या सरंग्याविषयी आपण याहून अधिक बारकाईने बोलतो.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. घरी बसून चित्रपट आणि मालिका पाहणे हा ख्रिस्ती कुटुंबाच्या दिनक्रमाचा भाग होऊन बसला आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पाहिल्यानंतरच्या मौनाविषयी. आपण तोंड उघडतो ते दोनच प्रसंगी. आपल्या धर्माचा अवमान झाला असे कोणी कळवले म्हणजे, किंवा पडद्यावर क्रूस दिसून डोळे भरून आले म्हणजे. एरवी माणसाची कितीही विटंबना समोर चालो, आपण ती मुकाट्याने पाहतो आणि झोपी जातो. या मौनाची किंमत आपली मुले मोजत आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती आठवड्यातून एखादा तास बसतात. पडद्यापुढे त्याहून कितीतरी अधिक. स्त्रीशी कसे वागावे, दुबळ्याला काय समजावे, सूड आणि न्याय यांत अंतर किती, याचे धडे त्यांना तेथे मिळत आहेत, आणि त्या वर्गात आपण गैरहजर आहोत.

किल्ली कोणाच्या हाती?

'सरकार काय करते? सेन्सॉर बोर्ड काय करते?' असा प्रश्न पालकांच्या सभेत विचारला जातो. चित्रपटगृहात लागणारा चित्रपट १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये तपासून येतो, हे खरे. पण इंटरनेटवरून घरच्या पडद्यावर येणाऱ्या मालिकांना हे बोर्ड प्रमाणपत्र देत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ही वर्गवारी दाखवणाऱ्या कंपनीनेच करावयाची असते : सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी. १३ वर्षांपासून पुढच्या वर्गांना पालकांना कुलूप लावता यावे, अशी सोय कंपनीने करून द्यावी, असेही हे नियम सांगतात. म्हणजे कुलूप मिळाले आहे आणि किल्ली आपल्या हाती आहे. ती किती घरांत फिरवली गेली? बहुतेक घरांत पैसे वडील भरतात, सांकेतिक शब्द मुलगा ठरवतो आणि विसरल्यावर वडील तो मुलालाच विचारतात.

आणि कुलूप हा तरी अर्धाच उपाय. सोळा वर्षांचा मुलगा उद्या अठराचा होतो. ज्या दिवशी कुलूप निघते त्या दिवशी त्याच्यापाशी स्वतःची पारख असावी लागते, आणि पारख ही बोलण्यातून, वाद घालण्यातून, मत मांडून ते सिद्ध करण्याच्या सवयीतून येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयी 'इंतेर मिरिफिका' हे आदेशपत्र जाहीर केले. त्यात काय पाहावे हे निवडण्याची जबाबदारी प्रेक्षकावर टाकलेली आहे आणि मुलांवर लक्ष ठेवण्याची पालकांवर. याच पत्रात तरुणांना असेही सांगितले आहे की जे पाहाल, ऐकाल, वाचाल त्याची जाणकारांशी चर्चा करा आणि योग्य निर्णय करायला शिका. परिषदेने तरुणांना डोळे मिटून घ्यायला सांगितलेले नाही. पाहिलेल्यावर बोलायला सांगितले आहे. साठ वर्षे उलटून गेली. ही चर्चा आपल्या किती घरांत सुरू झाली?

ख्रिस्तसभा पुढे गेली, आपण मागे राहिलो

चित्रपटांकडे पाहण्याची ख्रिस्तसभेची दृष्टी एका जागी थांबलेली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील कॅथलिकांनी 'लीजन ऑफ डिसेन्सी' उभारली. ती चित्रपटांची नैतिक वर्गवारी करी, निषिद्ध चित्रपट जाहीर करी आणि ते न पाहण्याची शपथ चर्चमध्ये भाविकांकडून घेतली जाई. पोप अकरावे पायस यांनी १९३६ च्या 'विजिलान्ती कुरा' या परिपत्रकात या कार्याची प्रशंसा केली. तो काळ बंदोबस्ताचा होता. पुढे १९७१ च्या 'कोम्युनिओ एत प्रोग्रेसिओ' या मार्गदर्शक पत्रात संपर्कसाधनांचा उल्लेख देवाची देणगी म्हणून झाला. १९९५ साली सिनेमाला शंभर वर्षे झाली, तेव्हा व्हॅटिकनने एक यादी प्रसिद्ध केली. ती निषिद्ध चित्रपटांची नव्हती. धर्म, मानवी मूल्ये आणि कला अशा तीन विभागांत मिळून ४५ महत्त्वाचे चित्रपट तिच्यात होते.

ही यादी आपल्या प्रत्येक कुटुंबाने एकदा डोळ्यांखालून घालावी. धर्म या विभागात पाझोलिनीचा 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू' (१९६४) आहे. हा दिग्दर्शक श्रद्धावान नव्हता, मार्क्सवादी होता. मूल्यांच्या विभागात रिचर्ड अॅटनबरोचा 'गांधी' (१९८२) आहे. त्याचा नायक ख्रिस्ती नाही. त्याच विभागात 'द बर्मीज हार्प' (१९५६) हा जपानी चित्रपट आहे; त्यातला सैनिक रणांगणावर बेवारस पडलेल्या मृतांना मूठमाती देण्यासाठी बौद्ध भिक्षू होतो. यादी करणाऱ्यांनी दिग्दर्शकाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. कलाकृतीत माणसाची प्रतिष्ठा राखली आहे काय, एवढेच पाहिले.

आपण मात्र १९३४ च्या आसपासच घुटमळत आहोत, आणि तेही सोयीपुरते. २००६ साली 'द दा विंची कोड' आला, तेव्हा देशभर निषेध झाले, निवेदने दिली गेली, काही राज्यांनी बंदीही घातली. श्रद्धा दुखावली तर सनदशीर मार्गाने बोलण्याचा हक्क सर्वांना आहे आणि त्या हक्काविषयी आम्हाला काही म्हणायचे नाही. पण २०१९ साली 'कबीर सिंग' आला. प्रेयसीवर मालकी गाजवणारा, तिच्या कानशिलात भडकावणारा नायक त्यात प्रेमवीर म्हणून मिरवला. चित्रपटाला प्रमाणपत्र प्रौढांचे होते; थोड्याच काळात तो घरोघरच्या पडद्यावर आला आणि वयाची अट दारातच राहिली. आपल्या किती संघटनांनी त्यावर एक ओळीचे तरी पत्रक काढले? किती घरांत बापाने मुलाला सांगितले, 'बाळा, हे प्रेम नव्हे'? मारिया माग्दालेनाविषयी एका कादंबरीकाराने काय रचले, याने आपण पेटून उठलो. आपल्या मुलींनी उद्या मार खाऊन त्याला प्रेम समजावे, याचे आपल्याला काही वाटले नाही. शुभवर्तमानात ख्रिस्ताने स्वतःच्या अवमानासाठी तलवार उपसू दिली नाही. मात्र दगड मारायला निघालेल्या जमावापुढे एका स्त्रीसाठी तो उभा राहिला. आपण नेमके उलटे वागत आहोत.

आपले दुःख आणि शेजाऱ्याचे

हिंदी सिनेमाने आपल्या समाजाला न्याय दिला नाही, ही तक्रार खोटी नाही. 'बॉबी' (१९७३) मधला जॅक ब्रगांझा घ्या, 'ज्युली' (१९७५) मधले अँग्लो-इंडियन कुटुंब घ्या, 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला गुत्ता चालवणारा अँथनी घ्या. ख्रिस्ती माणूस म्हटला की हातात बाटली आलीच. शेतात राबणारा, शाळेत शिकवणारा, शुद्ध मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस हिंदी पडद्याला क्वचितच आढळला. यावर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत आणि बोलत राहावे.

परंतु ज्याला हा काटा बोचला आहे, त्याला दुसऱ्याच्या पायातला काटा दिसायला नको काय? लठ्ठ मुलगी, तोतरा नोकर, सावळी बहीण, गावंढळ आदिवासी, परप्रांतीय रखवालदार यांच्या फजितीवर रोजच्या मालिकांत हशे पिकवले जातात आणि त्या हशात आपल्या दिवाणखान्यातला हशाही मिसळलेला असतो. चांगल्या शोमरोनीच्या दृष्टान्तात वाटसरूला लुटणारे चोर होते, तसे बाजूने निघून जाणारेही होते. दृष्टान्ताचा रोख त्या दुसऱ्यांवर आहे.

स्वयंपाकघरातून ऐकू येणारा चित्रपट

२०२१ साली 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम चित्रपट घरबसल्या पाहण्यासाठी आला. लग्न होऊन आलेली सुशिक्षित मुलगी, दिवसभर चालणारे रांधणे, उष्टी काढणे, गळके मोरीचे नळ; चटणी पाट्यावरच वाटलेली आणि भात चुलीवरच शिजलेला हवा, असा सौम्य शब्दांत हट्ट धरणारे सासरे. कोणी आरडाओरडा करत नाही, कोणी मारत नाही, तरी पाहताना जीव गुदमरतो. तो आपल्याकडेही अनेकांनी पाहिला. त्यावरचा जो अभिप्राय वारंवार कानी पडला तो असा : 'त्यांच्यातले सोवळेओवळे फार कडक असते हो!'

हा अभिप्राय म्हणजे पळवाट आहे. चित्रपटातले घर हिंदू आहे, म्हणून मोरीही हिंदूच काय? रविवारी मिस्सेहून आल्यावर आपल्या घरात पदर खोचून कोण उभे राहते आणि पाय पसरून कोण बसते? नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत पिठात हात कोणाचे असतात? हाच चित्रपट आपल्या घरी पाहिला जात असताना मध्येच 'जरा चहा टाक' असे कोणी तरी म्हटले असेलच. आपल्या घरातली आई चित्रपट अर्धाच पाहते. उरलेला ती स्वयंपाकघरातून ऐकते. तिचे मत विचारले जात नाही, कारण 'तिने कुठे नीट पाहिला आहे!' ज्या घरात सर्वांत जास्त बोलण्यासारखे जिच्यापाशी आहे तिलाच बोलण्याची सवड नाही, तेथे चित्रपटावरची चर्चा कसली आणि कुटुंबप्रार्थना तरी कसली?

याच्याच शेजारी 'बॅबेट्स फीस्ट' (१९८७) हा डॅनिश चित्रपट ठेवून पाहावा. व्हॅटिकनच्या १९९५ च्या यादीत तो आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबविषयक पत्रात त्याचा आवर्जून उल्लेख केला आहे. पॅरिसहून परागंदा झालेली बॅबेट लॉटरीत मिळालेली सगळी रक्कम खर्चून एका खेड्यातल्या कोरड्या, भांडकुदळ झालेल्या धार्मिक मंडळींना मेजवानी देते, आणि त्या ताटांवर जुनी वैरे विरघळतात. तीच चूल, तेच रांधणे. पण एकीकडे तो तुरुंग आहे आणि दुसरीकडे दान. फरक कशाने पडला? बॅबेट स्वेच्छेने देते, आणि तिला शेवटी कृतज्ञतेची मिठी मिळते. हे दोन चित्रपट एका आठवड्यात पाहून एखाद्या कुटुंबाने ताटावर बसून अर्धा तास यावर बोलावे. उपवासकाळातल्या एखाद्या प्रवचनाइतके ते हिताचे होईल, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

न पाहता निषेध, न पचवता स्तुती

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले आणि ८ मे रोजी पोप चौदावे लिओ यांची निवड झाली. त्या दिवसांत 'कॉन्क्लेव्ह' (२०२४) हा चित्रपट चर्चेत आला. एका गटाने तो न पाहताच त्याज्य ठरवला; दुसऱ्या गटाने कार्डिनलांची कुलंगडी म्हणून चवीने पाहिला. शेवटी नवनिर्वाचित पोपच्या देहाविषयी जे रहस्य उघड होते, ते आम्हाला प्रेक्षकाला चकित करण्यासाठी योजल्यासारखे वाटते. तेथे कथानक विचाराला नव्हे, कलाटणीला शरण जाते. पण म्हणून त्यातला मूळ प्रश्न खोटा ठरत नाही. आपल्याला या पदाची इच्छा नाही असे सांगणारा सज्जन कार्डिनल एका फेरीत चिठ्ठीवर स्वतःचेच नाव लिहितो. हा प्रसंग पाहून रोमकडे बोट दाखवण्याची गरज नाही. धर्मग्राम परिषदेची, सोसायटीची, सणाच्या समितीची निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ती चिठ्ठी ओळखीची वाटेल. तो चित्रपट पाहून व्हॅटिकनविषयी सगळे बोलले. त्या चिठ्ठीविषयी कोणी बोलले नाही.

धार्मिक चित्रपटांचे आपण याहून वेगळे करत नाही. 'द फेस ऑफ द फेसलेस' (२०२३) हा धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांच्या जीवनावरचा हिंदी चित्रपट. मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात सावकारी पाशात अडकलेल्या गरीब शेतकरी-आदिवासींना त्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहायला शिकवले आणि त्यापायी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बसमध्ये त्यांची हत्या झाली. मारेकऱ्याला त्यांच्या कुटुंबाने क्षमा केली. सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. हे पाहून आपल्या डोळ्यांत पाणी येते आणि ते येणे स्वाभाविक आहे. पण 'फार रडू आले, अवश्य पाहा' एवढ्यावर अभिप्राय संपतो. सिस्टर राणी मारिया रडवल्यामुळे मारल्या गेल्या नाहीत. सावकाराचा हिशेब विचारल्यामुळे मारल्या गेल्या. आपल्या वाडीत रोजंदारीला येणाऱ्या आदिवासी बाईची मजुरी किती आणि ती कोणत्या दिवशी मिळते, हा प्रश्न ज्या घरात चित्रपट संपल्यावर निघाला, त्या घराने तो चित्रपट खऱ्या अर्थाने पाहिला. बाकीच्यांनी डोळे धुतले.

'करमणुकीत कसला आलाय विचार?'

या सर्वांवर एक ठरलेला आक्षेप आहे. माणूस दिवसभर लोकलच्या गर्दीत चेंगरून घरी येतो, त्याला दोन घटका विरंगुळा हवा. तेथेही तुम्ही परीक्षा का घेता? विरंगुळ्याला आमचा विरोध नाही. पण बोलण्याने विरंगुळा नासतो, हा समज आपल्याच देशातल्या सिनेमाच्या जन्मकथेला धरून नाही. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'लाइफ ऑफ क्राइस्ट' हा चित्रपट पाहिला. ख्रिस्ताचे जीवन पडद्यावर सरकत असताना आपले राम-कृष्ण असेच कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात उभा राहिला. ते गप्प बसले नाहीत. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन त्यांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला, त्यांच्यापाशी मन मोकळे केले, आणि १९१७ साली 'नवयुग' मासिकात हे सारे लिहून ठेवले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, त्यामागे फिल्मला भोके पाडण्यापासून सर्व मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत सरस्वतीबाईंचे कष्ट होते. ख्रिस्तावरचा एक चित्रपट आणि त्यावर एका मराठी दांपत्याचे घरातले बोलणे, एवढ्या भांडवलावर भारतीय सिनेमा उभा राहिला. फाळके 'टाइमपास आहे' म्हणून कूस बदलून झोपले असते, तर?

आज कूस बदलायलाही अवसर उरलेला नाही. एक भाग संपतो न संपतो तोच काही क्षणांत पुढचा आपोआप सुरू होतो. विचार उगवण्याची जी जागा, ती या यंत्रणेने हेतुपुरस्सर बुजवली आहे. पूर्वी चित्रपटगृहापासून स्टेशनापर्यंत चालताना जे बोलणे होई, ते बोलणे हा चित्रपटाचाच उत्तरार्ध होता. शिवाय आता एका घरात चार मोबाइल, चार कोपरे आणि चार चित्रपट.

'मुले आमच्याशी बोलतच नाहीत,' असे पालक सांगतात. ती का बोलतील? मुलाने एखाद्या मालिकेचे नाव काढले की पहिले वाक्य येते, 'तू असले पाहतोस?' त्या वाक्यानंतर मुलगा पाहणे थांबवत नाही, सांगणे थांबवतो. काही घरांत मत असते, पण ते एकट्या वडिलांचे. बाकीचे माना डोलावतात. यालाही आम्ही चर्चा म्हणत नाही.

म्हणून आमची मागणी अवघड नाही. आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून एकच पडदा पाहावा. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. ती बंद करता येते. आईची कामे सर्वांनी आधी वाटून घ्यावीत, म्हणजे ती पूर्ण चित्रपट पाहील. चित्रपट संपल्यावर सर्वांत धाकट्याने प्रथम बोलावे आणि वडीलधाऱ्यांनी शेवटी. 'आवडला का' हे विचारून थांबू नये. कोणाच्या दुःखावर आपण हसलो, कोणाची बाजू कथेत मांडलीच गेली नाही, आणि यातले आपल्या घरात काय घडते, हे विचारावे. धर्मग्रामातील संघटनांनी एखाद्या चित्रपटाविरुद्ध सह्या गोळा करायच्या असतील, तर सही करणाऱ्याने तो आधी पाहावा, हा दंडक घालून घ्यावा. आणि जे जे आपल्या श्रद्धेच्या अवमानाविरुद्ध बोलतात, त्यांनी त्याच वर्षी एकदा तरी दुसऱ्या कोणाच्या अवमानाविरुद्ध तेवढ्याच जोराने बोलून दाखवावे.

रोझरीच्या वेळी मालिका सुरू असते, या तक्रारीवर आपण पुष्कळ वर्षे भांडलो. रोझरीसाठी पडदा बंद करावा, हे योग्यच आहे. पण रोझरी संपल्यावर तो पुन्हा सुरू होतो, आणि त्यानंतरच्या दोन तासांत घरात काय शिरते आहे, याचा जाब विचारणारे कोणी तरी त्या खोलीत जागे असले पाहिजे.